घर न मोडता नगर घडविणारे पॅट्रिक गेडेस



गावाचा विकास आराखडा तयार होऊ लागला म्हणजे नकाशावर पहिली रेघ ओढली जाते ती रस्त्याची. ती सरळ असावी, रुंद असावी, अशीच सर्वांची इच्छा असते, आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु त्या रेघेखाली कोणाची ओसरी येते, कोणाचे तुळशीवृंदावन येते, कोणत्या मोहल्ल्याची विहीर येते, याची नोंद नकाशावर क्वचितच आढळते. रस्ता होतो, त्याबरोबर कधी कधी एखादे कुटुंब आपल्या शेजारापासून तुटते, आणि कालांतराने गावाला त्याची उणीव भासू लागते.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. १८६२ मध्ये हा जिल्हा नागपूरपासून वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्यालय आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या लहान गावाच्या जागी रीतसर आखणी करून वर्धा शहर वसविण्यात आले. म्हणजे हे शहर आधी कागदावर उमटले आणि मग जमिनीवर उभे राहिले. याच जिल्ह्यात आर्वी आहे. तेलंगराव वली यांनी ते वसविले अशी परंपरा सांगते. ते ब्राह्मण होते असे काही म्हणतात, मुसलमान होते असे काही म्हणतात. आणि हिंदू व मुसलमान असे दोघेही त्यांच्या समाधीपुढे नतमस्तक होतात. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे, आणि तेथेही दोन्ही समाजांची माणसे नवस फेडण्यास येतात. अशी गावे कोणी आखली नाहीत. ती पिढ्यान् पिढ्यांच्या सहवासातून वाढली. आखलेले गाव आणि वाढलेले गाव यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, ते नगररचनाकार म्हणजे सर पॅट्रिक गेडेस होत. त्यांच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे भारताशी निगडित होती, आणि त्यांतील काही वर्षे मुंबई विद्यापीठात गेली.

वनस्पतीपासून वस्तीपर्यंत

गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक यांचे बालपण पर्थ या गावाजवळच्या घरी, बागेत आणि आसपासच्या टेकड्यांवर गेले. पुढे लंडनमध्ये टी. एच. हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत दिवसामागून दिवस पडून असताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी ते बोटांनी चाचपीत, आणि एकेका चौकटीत एकेक विचार मांडून त्यांचा परस्परसंबंध लावीत. दृष्टी परतली, परंतु सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना कठीण झाले. या आपत्तीमुळेच त्यांचे लक्ष वनस्पतींवरून माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु जगाने त्यांना ओळखले ते नगररचनाकार म्हणूनच.

समाजाचा अभ्यास कोठून सुरू करावा, याचे उत्तर त्यांना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक ल प्ले यांच्या विचारांत मिळाले. ल प्ले यांनी स्थान, काम आणि कुटुंब ही तीन सूत्रे सांगितली होती. राष्ट्र किंवा वर्ग यांपासून नव्हे, तर एका कुटुंबापासून, त्याच्या मिळकतीपासून आणि खर्चापासून समाज समजून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. गेडेस यांनी ही त्रयी स्वीकारली आणि स्थान, काम व लोक अशी विस्तारली. माणूस जेथे राहतो त्या भूमीने त्याचे काम ठरते, कामाने त्याची रीतभात ठरते, आणि ही रीतभात घराघरांतून पुढच्या पिढीकडे जाते. म्हणून दोन गावे कधीही एकसारखी नसतात, आणि दोन गावांना एकच साचा लावता येत नाही. सांस्कृतिक विविधता ही नगररचनेतील अडचण नसून तिचे मूळ भांडवल आहे, हा त्यांचा विश्वास येथूनच आला.

जेम्स कोर्टमधील संसार

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी गेडेस यांचा विवाह झाला. थोड्याच दिवसांत या दांपत्याने जे केले ते त्या काळी अनेकांना विलक्षण वाटले. एडिंबरो शहराच्या जुन्या भागात, दाटीवाटीच्या आणि गलिच्छ समजल्या जाणाऱ्या जेम्स कोर्ट या वस्तीत त्यांनी बिऱ्हाड केले. सुस्थितीतील लोक ही वस्ती सोडून नव्या भागात राहावयास गेले होते. गेडेस पतिपत्नींनी आधी स्वतःचे घर नीट केले आणि मग शेजाऱ्यांना हाताशी घेतले. भिंतींना चुना लावणे, जिने धुणे, खिडक्यांत फुलझाडे ठेवणे, मोकळ्या तुकड्यांवर बाग करणे, अशी साधीच कामे त्यांनी हाती घेतली. जेथे इमारत अगदी मोडकळीस आली होती तेवढीच पाडली आणि त्यातून अंगणाला हवा व ऊन मिळवून दिले. त्या वस्तीतील लोक बाहेर काढले गेले नाहीत; उलट विद्यार्थी आणि प्राध्यापक तेथे राहावयास आले.

नोरा, अलास्डेअर आणि आर्थर ही त्यांची तिन्ही मुले याच वातावरणात वाढली. मुलांचे आरंभीचे शिक्षण आईबापांनी घरीच केले. बागकाम, सुतारकाम, भ्रमंती आणि संगीत यांना त्यात पुस्तकाइतकेच स्थान होते. डोके, हृदय आणि हात यांचे शिक्षण एकत्र व्हावे, हे गेडेस यांचे आवडते सूत्र होते. या सूत्राची ओळख वर्ध्याच्या शिक्षकांना वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही.

१८९२ मध्ये एडिंबरोतील एक मनोऱ्याची इमारत त्यांनी हाती घेतली. तिच्या माथ्यावरून प्रथम आपले शहर पाहावयाचे आणि मग एकेक मजला खाली उतरत स्कॉटलंड, युरोप आणि अखेर जग समजून घ्यावयाचे, अशी तेथील मांडणी होती. आपल्या अंगणाची नीट ओळख झाल्याशिवाय जगाची ओळख होत नाही, आणि जगाची ओळख झाली म्हणजे आपल्या अंगणाचा तिरस्कार वाटत नाही, हाच त्यामागचा हेतू होता.

भारतातील पाहणी

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडेस भारतात आले. त्यांनी जमविलेले नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजाने येत होते ते जहाज महायुद्धात एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. वर्षानुवर्षांचे नकाशे आणि चित्रे सागरतळाशी गेली. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये ते प्रदर्शन भरले.

त्यानंतर गेडेस यांनी भारतातील अनेक शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. मद्रास इलाख्यातील नगरे, ठाणे, बडोदे, लाहोर, बलरामपूर आणि इंदूर ही त्यांतील काही होत. त्यांची पद्धत ठरलेली होती. कचेरीत बसून नकाशा करण्याआधी ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. पारावर कोण बसते, विहिरीवर कोण येते, कोणत्या वाड्यात कोणता व्यवसाय चालतो, मुले कोठे खेळतात, हे पाहत. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे नगररचनाकाराने आधी रोगनिदान करावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्या काळी सुधारणेचा सर्वमान्य मार्ग म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे आणि आडवी येणारी घरे पाडणे. या मार्गाला गेडेस यांनी निकराने विरोध केला. पाडलेल्या घरांतील गरीब माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत जाऊन तिची दाटी आणि तेथील भाडी वाढवितात, ही साधी गोष्ट त्यांनी अधिकाऱ्यांपुढे पुनःपुन्हा मांडली. त्याऐवजी त्यांनी सुचविलेल्या उपचारास जपणुकीची शस्त्रक्रिया म्हणता येईल. पडक्या झालेल्या थोड्या जागा तेवढ्या मोकळ्या कराव्यात, त्या जोडून लहान चौक करावेत, तेथे झाड लावावे, ओटा बांधावा. गल्ली थोडी वळली तरी चालेल, परंतु देऊळ, मशीद, विहीर आणि मोठे झाड यांना धक्का लागू नये. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याचा प्रस्ताव येई तेव्हा, तलाव स्वच्छ करून डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि बदके त्यात सोडावीत, असे ते सुचवीत. यात खर्चही कमी येई आणि लोकांचा रोषही होत नसे.

अंगणातील तुळशीकडे त्यांनी ज्या आदराने पाहिले तो विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. नीट निगा राखलेली तुळस ही नीट चाललेल्या घराची खूण आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. नगररचनेचे खरे मोजमाप घरातील स्त्री आणि मूल यांच्या सुखाने करावे, अशी त्यांची धारणा होती. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे आहे. घर बांधण्याचे कष्ट ज्याला कळले, त्याला ते पाडण्याची घाई होत नाही.

१९१७ चे वर्ष

कुटुंबावर एवढी निष्ठा असलेल्या या माणसावर भारतातच कुटुंबाचा सर्वांत मोठा आघात झाला. थोरला मुलगा अलास्डेअर हा वडिलांचा उजवा हात होता. १९१७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तो मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई भारतात आजारी होत्या. हा आघात त्यांना सोसणार नाही हे जाणून गेडेस यांनी ती वार्ता त्यांच्यापासून लपविली, आणि मुलाची आधी आलेली पत्रे ते त्यांना वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यात ॲनाबाईंचे निधन झाले. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

या दुःखानंतर काम सोडून मायदेशी परतणे स्वाभाविक ठरले असते. गेडेस परतले नाहीत. त्यांनी इंदूरचे काम हाती घेतले.

इंदूरची दिवाळी

इंदुरात प्लेगची साथ होती. हा म्हातारा साहेब गल्लोगल्ली हिंडतो आणि मागाहून घरे पाडली जातात, अशा समजुतीने लोक त्यांच्याकडे भयाने पाहू लागले. तोच प्लेग आणतो, असेही काही जण म्हणू लागले. जाहीर सूचना आणि दंड यांनी हे भय जाणार नव्हते. गेडेस यांनी होळकर महाराजांकडे आगळी विनंती केली, आणि महाराजांनी त्यांना एका दिवसाचा अधिकार दिला.

त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली. मिरवणुकीचा मार्ग आधी सांगितला नाही. ज्या रस्त्यावरील लोक घरे सर्वांत चांगली झाडतील, दुरुस्त करतील आणि रंगवितील त्या रस्त्याने ती जाईल, एवढेच जाहीर केले. मग काय विचारता! जो तो आपली आळी साफ करू लागला. गाड्यांचे गाडे भरून केरकचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि त्यांच्यामागून नवी पांढरी वस्त्रे ल्यालेले, फुलांच्या माळा घातलेले सफाई कामगार नवे झाडू घेऊन मानाने चालत होते. त्यांच्या गाड्या रंगविलेल्या आणि बैल सजविलेले होते. अखेरीस शहराच्या नव्या आराखड्याची चित्रे होती, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. पुढे प्लेगचा जोर ओसरला. ऋतुबदलाचाही त्यात वाटा असेल. परंतु लोकांच्या मनातील भय गेले, हे खरे.

या प्रसंगाने जातिभेद मिटला असे कोणी म्हणणार नाही. एका दिवसाच्या माळेने शतकांचा अन्याय भरून निघत नाही. तथापि, शहराचे आरोग्य ज्यांच्या श्रमावर उभे आहे त्यांना शहराच्या उत्सवात अग्रस्थान असले पाहिजे, हे सूत्र त्या दिवशी भर रस्त्यात लोकांपुढे आले. परंपरा मोडून नव्हे, तर परंपरेचीच भाषा बोलून लोकांना नवा विचार देता येतो, हेही त्यातून दिसले.

मुंबई, इंदूर आणि वर्धा

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडेस यांची नेमणूक झाली. मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांच्याकडून प्रोत्साहन मिळाले आणि उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. १९२४ मध्ये हाच विभाग घुर्ये यांच्याकडे आला आणि भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा तेथून सुरू झाली. गेडेस यांचा धाकटा मुलगा आर्थर याने रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामपुनर्रचनेचे काम केले.

मार्च १९१८ मध्ये इंदूर येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. गेडेस त्या वेळी इंदुरातच होते. संमेलनाच्या मंडपाविषयी त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले आणि गांधीजींनी त्यास उत्तर दिले. याच संमेलनातून दक्षिणेतील हिंदी प्रचाराच्या कार्यास चालना मिळाली, आणि पुढे १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात स्थापन झाली.

गेडेस १९२४ मध्ये भारत सोडून गेले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावी म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले. एकाच्या कार्याचे श्रेय दुसऱ्यास देण्याचे कारण नाही. परंतु गेडेस यांनी अहवालात जे लिहिले, त्याच्याशी मिळतेजुळते असे वर्ध्यात प्रत्यक्ष उभे राहिले. बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंची आहे, आणि ती घडविण्यात इंग्लंडहून आलेल्या मीराबेन यांचा हात आहे. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे शास्त्र रचणारे जे. सी. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती होते. नई तालीमचा भार वाहणारे आर्यनायकम् सिलोनचे तमिळ आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. हे दांपत्य शांतिनिकेतनातून वर्ध्यास आले होते. १९३४ मध्ये खान अब्दुल गफारखान जमनालाल बजाज यांचे पाहुणे म्हणून वर्ध्यात राहिले. त्याच बजाज यांनी १९२८ मध्ये आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले होते. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्रासही स्थान मिळाले. इतक्या भाषांची आणि इतक्या धर्मांची माणसे एका आवारात एका कुटुंबासारखी राहिली, कारण तेथे कोणालाही आपले घर विसरून येण्यास सांगितले गेले नव्हते.

आराखड्याआधीची पायपीट

गेडेस यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचे बहुतेक अहवाल कागदावरच राहिले. ते संस्थानिकांच्या आणि परकीय सरकारच्या आश्रयाने काम करीत होते. निर्णय घेण्याचा अधिकार लोकांच्या हाती नव्हता. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेल्ये येथे, निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्थापिलेल्या वसतिगृहात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळी जे नव्हते ते आज आहे. ग्रामसभा आहे, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा गावानेच करावयाचा आहे. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाचे मोजमाप ड्रोनद्वारे होते. हे मोजमाप उपयुक्त आहे; घरमालकाला हक्काचा कागद त्यातून मिळतो. परंतु आकाशातून छप्पर दिसते, छपराखालचा संसार दिसत नाही. म्हातारी सासू शेजारणीच्या आधारावर दिवसभर घरी एकटी राहू शकते, हे ड्रोनला कळत नाही. गोंड किंवा कोलाम वस्तीतील देवस्थान एखाद्या झाडाखाली असेल, बौद्ध विहारासमोरील मोकळी जागा लग्नकार्याची असेल, दर्ग्याकडे जाणारी पायवाट सर्वच समाजांची असेल. ती माहिती पायी हिंडल्यानेच मिळते.

म्हणून रस्त्याची रेघ ओढण्याआधी ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि शिक्षक यांनी गल्लीगल्लीतून एक फेरी करावी. शाळेतील मुलांनी आपल्या आळीचा नकाशा काढावा. त्यात विहिरी, पार, मोठी झाडे, देवस्थाने आणि खेळण्याच्या जागा दाखवाव्यात. पाणी, चूल आणि वाट यांविषयी घरातील स्त्रियांना आधी विचारावे. ज्यांचे घर हलविणे खरोखरच अटळ असेल त्यांना त्याच आळीत, त्याच शेजारात जागा देण्याचा प्रयत्न करावा. या कामास मोठा निधी लागत नाही, थोडा अधिक वेळ मात्र लागतो.

जेम्स कोर्टमध्ये गेडेस यांनी प्रथम आपल्या जिन्याच्या पायऱ्या धुतल्या आणि मग शहराविषयी लिहिले. वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक गावाचा आराखडा याच क्रमाने झाला, तर रस्ता रुंद होईलच, आणि त्याच्या कडेला तीच माणसे, तेच शेजारी आणि तीच तुळस राहील.